व्याह्यांविरुद्ध नऊ होल

४ ऑक्टोबर

कोचबाईंनी सांगितलंय, सराव झाला की काय चुकलं ते घरी जाऊन लिहून काढायचं. आज पहिला दिवस. काय चुकलं? मुळात गेल्या महिन्यात मी तोंड उघडलं, ते चुकलं. जन्मभर दुसऱ्यांना 'तोंड उघडा' सांगून पोट भरलं, पण स्वतःचं कधी मिटून ठेवावं हे कुठल्याच डेंटल कॉलेजात शिकवत नाहीत.

झालं ते असं. लेकीनं लग्न ठरवलं. ती जनावरांची डॉक्टर, मुलगाही जनावरांचा डॉक्टर. एका घोड्याच्या पोटदुखीवर दोघांनी मिळून उपचार केले, त्यात जमलं. घोडा बरा आहे. मुलगाही बरा आहे. त्याचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे आले. वडील पूल बांधणारे इंजिनिअर, नुकतेच निवृत्त. खांदे कपाटासारखे आणि तोंडाला कुलूप. माणसाला इतकं गप्प करायला मला इंजेक्शन द्यावं लागतं.

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात गोल्फची बॅग आहे. दातांचं सिमेंट विकणाऱ्या एका कंपनीच्या सोडतीत मला ती लागली. आम्ही तिच्यावर ओले रेनकोट वाळत घालतो. पूलवाले त्या बॅगेकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "तुम्ही खेळता?"

बायकोनं खरं सांगायला तोंड उघडलं, पण मी चपळ. "अधूनमधून," म्हणालो.

पूलवाल्यांनी आवंढा गिळला. "मीही." मग थोडं थांबून, "अधूनमधून."

मला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनी माझाच शब्द वापरला. असला विनय फक्त कसलेल्या खेळाडूंत असतो.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण मग लग्नाचा विषय निघाला. मी म्हणालो, एकुलती एक मुलगी, मोठं सभागृह घेऊ, आठशे माणसं. पूलवाले म्हणाले, "साठ पुरेत." मी आठशेची कारणं सांगितली. ते म्हणाले, "साठ." मी पुन्हा सगळी सांगितली. माझ्या दातांच्या कण्या झाल्या, त्यांचं एकच. शेवटी विहीणबाई हसत म्हणाल्या, "दोघं खेळता ना? मग खेळूनच ठरवा. जिंकेल त्याचं ऐकायचं."

"उत्तम!" आमची ही म्हणाली. इतक्या तत्परतेनं तिनं मला लग्नालासुद्धा होकार दिला नव्हता.

पूलवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. रागानं असणार. जावयाच्या मित्राच्या क्लबात डिसेंबरातला पहिला रविवार ठरला. नऊ होल. कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल त्याचा तो होल, आणि जास्त होल जिंकेल तो विजयी. दुसऱ्याच दिवशी हिनं मला कोच शोधून दिली. हिची फिरायला जातानाची मैत्रीण, पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. एवढ्या झटपट कशी सापडली कोण जाणे. बायको पाठीशी उभी राहते ती अशी.

आजचा सराव: काठी उगारली, जोरात फिरवली, डोळे उघडले. चेंडू जागेवरच.

"डॉक्टर," कोचबाई म्हणाल्या, "तुम्ही भूल फार जोरात दिलीत."

९ ऑक्टोबर

काय चुकलं: सगळं. बरगड्यांमध्ये इतके स्नायू असतात हे मी शिकलो होतो. त्यावर विश्वास आज बसला.

१४ ऑक्टोबर

कोचबाईंच्या मते मी चेंडूला मारत नाही, त्याची समजूत काढतो. "सगळं मनगटानं करता. खांदे आहेत का तुम्हाला? कंबर?" मी म्हणालो, आमच्या धंद्यात तीस वर्षं बोटांच्या टोकांवर काम. खांदा हलला तर पेशंटचा ओठ जातो. त्या म्हणाल्या, "इथं पेशंट नाही. इथं मोकळं मैदान आहे. आणि तरी तुमचा चेंडू उजवीकडच्या झाडीत जातो."

खरं आहे. झाडीतल्या पक्ष्यांनी आता तिकडे बसणं सोडलंय.

पण आज मनाला उभारी देणारी गोष्ट कळली. कोचबाईंकडे सकाळी एक गृहस्थ येतात. साधारण माझ्याच वयाचे, तेही नवशिके. त्यांचं माझ्या नेमकं उलट. काठी फिरवायचा स्विंग बरा आहे, चेंडू लांब जातो, पण भोकात खोचलेल्या झेंड्याजवळ आले की हाताला दम निघत नाही. भोक हातभर अंतरावर असलं तरी असा टोला हाणतात की चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या वाळूत.

"आणि एवढ्या वयात कशाला शिकतायत?" मी विचारलं.

कोचबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या, "नात्यात कुणीतरी मोठे खेळाडू आहेत म्हणे. त्यांच्यासमोर खेळावं लागणार. फार धास्ती घेतलीय बिचाऱ्यांनी."

जगात असले छळवादी नातेवाईक घरोघरी असतात तर! मला त्या सकाळवाल्यांची दया आली.

२० ऑक्टोबर

आनंदाची बातमी: मला पट, म्हणजे जवळून चेंडू भोकात घालणं, जमतो. हिरवळीवर पटर हातात घेतला, चेंडू हळूच ढकलला, तो पहिल्यांदा सासरी येणाऱ्या जावयाच्या पावलांनी गेला आणि भोकात उतरला. कोचबाईंनी पहिल्यांदाच टाळी वाजवली. पुन्हा केलं, पुन्हा गेला. मी म्हणालो, किडलेल्या दाढेतली नस शोधण्यापेक्षा हे सोपं आहे, इथं भोक निदान दिसतं.

तेव्हापासून दवाखान्यातही सराव चालू आहे. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात बोळातल्या फरशीवर पाण्याचा पेला आडवा ठेवतो. रिसेप्शनच्या बाईंनी आधी कपाळाला हात लावला. आता त्या चेंडू परत घरंगळत पाठवतात.

आज खुर्चीत एक क्लबाचे जुने सभासद होते. संधी सोडली नाही. त्यांच्या गालात कापूस भरला आणि विचारलं, "चेंडू जरा उचलून हिरवळीवर टाकायचा तर वजन पुढच्या पायावर ना?" ते म्हणाले, "आं." "आणि हात चेंडूच्या थोडे पुढे?" "आं आं!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दोन्ही उत्तरं मी होकारार्थी धरली. मग लक्षात आलं, भूल उतरली होती.

२३ ऑक्टोबर

गच्चीवर चिपचा, म्हणजे चेंडू जरासा उचलून टाकायचा, सराव केला. कपड्यांची बादली हे लक्ष्य. दोन गेले बादलीत. तिसरा शेजाऱ्यांच्या सोलर हीटरच्या काचेवर. शेजारी वर येऊन विचारू लागले, "काय फुटलं?" मी म्हणालो, "बहुतेक गारा." आकाश निरभ्र होतं. आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

काच भरून देणार आहे. ही रागावेल असं वाटलं होतं. पण म्हणाली, "घरात नका हो करू काही. मैदानावरच जात जा. रोज गेलात तरी चालेल. उशीर झाला तरी चालेल." असा पाठिंबा हिनं मी एम.डी.एस. करत असतानाही दिला नव्हता. घरात कसली तरी खोकी येऊन पडलीत. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही स्विंगकडे लक्ष द्या."

२८ ऑक्टोबर

आज मी एक चांगलं काम केलं. कोचबाईंना म्हटलं, त्या सकाळवाल्यांना माझ्याकडून एक युक्ती सांगा. पटर किती घट्ट धरायचा? तोंडात घालायचा छोटा आरसा आम्ही धरतो, तितका. त्याहून घट्ट धरला की हात कापतो. आणि पेशंट जागा आहे हे विसरायचं नाही.

"जसंच्या तसं सांगू?" त्यांनी विचारलं.

"शब्दशः."

त्यांना खोकला आला. पाणी प्यायल्या तरी थांबेना. त्यांचा घसा एकदा कुणाला तरी दाखवायला हवा.

१ नोव्हेंबर

सकाळवाल्यांकडून परतभेट आली! कागदावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र. पायांमधलं अंतर, गुडघ्याचा कोन, पाठीचा कल, सगळं फूटपट्टीनं रेघा मारून, बाण दाखवून. आणि निरोप असा: 'दोन्ही हातांत जड सामान आहे आणि पाठीमागचं दार बंद आहे. ते दार कंबरेनं ढकलून उघडायचं. तसं वळा. मनगटांना विसरून जा, त्यांच्यात सामान आहे.'

इतकी मोजूनमापून काम करणारी माणसं आता राहिली नाहीत. धंद्यानं शिंपी असावेत. किंवा सुतार.

मी तसं केलं. सामान हातात, दार बंद. कंबर वळली, खांदे आपोआप मागून आले आणि असा टणत्कार झाला की मी दचकलो. चेंडू सरळ गेला. सरळ! उजवीकडच्या पक्ष्यांनीसुद्धा माना वळवल्या असतील.

कोचबाई म्हणाल्या, "खांदे आहेत की."

८ नोव्हेंबर

आज पूलवाल्यांकडे जेवायला. जाण्याआधी मनाची तयारी केली होती की गोल्फचा विषय निघालाच तर गूढ हसायचं.

पण माणूस बदललेला! गेल्या वेळी दगड होता, आज माझ्याकडे बघून हसत होता. वाढताना मध्येच म्हणाला, "डॉक्टर, तो छोटा आरसा असतो ना तुमच्याकडे, तो कसा हो धरता?"

मी चमच्यानं दाखवलं. तो इतका निरखून पाहत होता की मला संशय आला, हा माझ्या व्यवसायाची थट्टा करतोय. मी म्हणालो, "आमची कामं लहान. तुमच्यासारखे नद्यांवरचे पूल नाहीत."

"लहान कामच अवघड," तो म्हणाला. "तुमचा हात फार हलका आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कानावर येतं."

म्हणजे माझी चौकशी चालू आहे! समोरच्याचा खेळ आधीच काढून ठेवायचा, मग मैदानात ठेचायचा. मुरलेला खेळाडू. स्वयंपाकघरात ही आणि विहीणबाई खिदळत होत्या. मी पाणी मागायला गेलो तर दोघी एकदम गप्प झाल्या आणि एक मोठी पिशवी ओट्याखाली सरकवली. बायकांचं बरं असतं. इकडे युद्ध पेटलंय याची त्यांना गंधवार्ता नाही.

१५ नोव्हेंबर

सकाळवाल्यांचा निरोप: 'तुमची मूठ धरल्यापासून एकही छोटा पट चुकला नाही. आभार. तुमच्या त्या व्याह्यांना फार भिऊ नका. अशी गप्प माणसं बहुधा बोलायला घाबरतात.'

मी कोचबाईंना उलट निरोप दिला: त्यांना सांगा, तुमचा नातेवाईक तसा असेल. माझा नाही. माझा आतून बाहेरून काँक्रीट आहे.

बाईंना पुन्हा खोकला. या वेळी त्या खालीच बसल्या.

नंतर घरी येताना विचार आला, मी व्याह्यांबद्दल बोललो होतो का कधी बाईंकडे? हिनं सांगितलं असेल.

वाळूतला फटका अजून जमत नाही. चेंडूला मारायचं नसतं म्हणे, त्याच्या मागच्या वाळूला मारायचं, मग वाळू चेंडूला बाहेर काढते. मी वाळूला मारलं, वाळूनं मला मारलं. अजून दातांत कचकच आहे.

२९ नोव्हेंबर

आज गोल्फचं लिहीत नाही.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर लेक दवाखान्यात आली. लहानपणी यायची तशी सरळ माझ्या खुर्चीत जाऊन आडवी झाली. मी सवयीनं दिवा लावला.

"बाबा, दिवा बंद कर. दात दुखत नाहीयेत."

"मग?"

"आठशे माणसं कोण रे?"

मी सांगायला लागलो. कॉलेजचे मित्र, असोसिएशनचे डॉक्टर, मग पेशंट. पेशंटच जास्त. तिनं विचारलं, "यांतले मला कितीजण ओळखतात?"

"सगळे! तू पहिली ट्रॉफी घेतलीस तेव्हाचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे. तुझ्याकडे बघत बघत दाढा काढून घेतल्यात त्यांनी."

ती हसली. मग छताकडे बघत म्हणाली, "मला काय वाटतं माहितीये? आठशे माणसांत तू दिवसभर हात जोडत फिरशील. सगळ्यांना जेवलात का विचारशील. आणि मी तुला शोधत बसेन. मला त्या दिवशी तू दिसायला हवास, बाबा."

मी दिवा लावला. पुन्हा बंद केला. म्हणालो, "मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? तू एकदम गोल्फच खेळायला गेलास."

ती गेल्यावर हत्यारं उकळायला टाकली, ती दोनदा उकळली.

आता पंचाईत अशी. आयत्या वेळी 'साठच ठीक आहेत' म्हणालो, तर पूलवाला जन्मभर मनात म्हणणार, पळपुटा. तेव्हा खेळायचं. आठ होल मर्दासारखं खेळायचं आणि नवव्याला हरायचं. पण हरतोय हे कुणाला कळता कामा नये. जिंकण्याची तयारी दोन महिने केली. हरण्याच्या तयारीला आठवडा आहे.

७ डिसेंबर

आपलेच दात, आपलेच ओठ. तरी सगळं लिहितो.

मैदानावर दोन्ही घरची मंडळी आली होती. कोचबाईसुद्धा आल्या होत्या, 'सहज' म्हणे. मी टोपी कपाळावर ओढली. आता या बाई मला ओळख देणार आणि मी दोन महिन्यांचा विद्यार्थी आहे हे बाहेर फुटणार. पण त्यांनी मला पाहिलंच नाही असं केलं. गंमत म्हणजे पूलवालेही त्यांच्याकडे न बघण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते.

पहिला मान त्यांना दिला. ते चेंडूपाशी उभे राहिले. पायांमधलं अंतर, गुडघ्याचा कोन, पाठीचा कल. हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मी दोन पावलांवर होतो. मला स्पष्ट ऐकू आलं.

"सामान हातात. दार बंद."

चेंडू गेला, चांगला लांब गेला. टाळ्या झाल्या. मी मात्र तिथंच, माझ्या तोंडात कुणी कापूस भरल्यासारखा.

"तुम्ही?" मी म्हणालो.

त्यांनी आधी बायकांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "अधूनमधून."

"सकाळी?"

"सकाळी. तुमच्या बॅगेवर दोन रेनकोट होते हो डॉक्टर. मला वाटलं, हा माणूस पावसातही खेळतो. म्हणून मी खोटं बोललो. म्हटलं, मुलाच्या सासऱ्यासमोर मान खाली जायला नको."

"आणि मी कोण हे तुम्हाला कधी कळलं?"

"आरशाच्या दिवशी. दातांच्या डॉक्टरशिवाय कोण म्हणेल, पेशंट जागा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"युक्त्या यायच्या बंद झाल्या असत्या."

या माणसाला मी काँक्रीट म्हणालो होतो, आणि ते त्याला शब्दशः पोचलं होतं. कान तापले. पण मागून जावई ओरडला, "बाबा, डॉक्टरकाका, कुजबुज काय चाललीय? खेळा!" मग मी चेंडूपाशी गेलो, त्यांचीच युक्ती वापरून त्यांच्याच मागोमाग मारला.

पुढचे होल कसे गेले ते सांगायला लाज वाटत नाही. एका होलला दोघांचे चेंडू एकाच झाडीत गेले. तिथं मंडळींची नजर नव्हती. मी त्यांना पायानं माझा चेंडू उघड्यावर सरकवताना दिसलो. त्यांनी फांदी बाजूला धरली आणि आपलाही सरकवला. वाळूत मी अडकलो तेव्हा ते काठावरून खोकल्याचं निमित्त करून म्हणाले, "मागची वाळू, मागची." चेंडू बाहेर आला. हिरवळीवर त्यांचा हात कापायला लागला तेव्हा मी दात कोरल्याची खूण केली. त्यांची मूठ सैल झाली आणि चेंडू भोकात गेला. शत्रूला असं शिकवत शिकवत आम्ही आठव्या होलपर्यंत बरोबरीत पोचलो.

नववा. इथं मला हरायचं होतं.

हिरवळीवर पोचेपर्यंत दोघांचे फटके सारखे झाले होते. किती ते विचारू नये. मोजणाऱ्या जावयाला बोटं कमी पडत होती. पूलवाल्यांचा चेंडू भोकापासून दोन हातांवर, माझा त्याहून जरा जवळ. त्यांनी हा पट घालायचा, मी माझा चुकवायचा, खेळ खलास. मी निवांत उभा होतो.

त्यांनी पटर उचलला आणि असा टोला दिला की चेंडू भोकाच्या बाजूनं सुसाट गेला आणि हिरवळीच्या पलीकडे थांबला.

"अरेरे," ते म्हणाले. आणि आभाळाकडे बघून शीळ घातली.

सकाळपासून त्यांनी एकही छोटा पट चुकवला नव्हता. मला एकदम उजेड पडला. हा गृहस्थ मुद्दाम हरतोय! माझ्यासाठी! अरे, पण मला जिंकायचं नाही! आणि हे आता सगळ्यांसमोर सांगू कसं?

ते पलीकडून चिप करून परत आले, पण भोकापासून मुद्दाम लांब. मग पट मारला, तोही भलतीकडे. तो आपला माझ्या बाजूला तीन फटक्यांची आघाडी रचत होता आणि चेहऱ्यावर भाव असा, की केवढं हे दुर्दैव.

माझी पाळी आली. मीही चेंडूला असा धक्का दिला की तो उतारावरून खाली गेला. विहीणबाई म्हणाल्या, "दोघांच्या अंगात काय शिरलंय?" लेक म्हणाली, "टेन्शन." कोचबाई रुमालात तोंड लपवून बसल्या होत्या.

मी खालून परत आलो, पुन्हा चुकवलं. ते माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. दात ओठ खात म्हणाले, "डॉक्टर, घाला की."

"तुम्ही घाला."

"तुमचा आहे तो."

"तुमचा."

आता फटके पुन्हा बरोबरीत आले होते. मी ठरवलं, एकदाच असा हाणायचा की हिरवळ ओलांडून थेट वाळूत. मग पाच-सहा फटके सहज जातील. सामान हातात घेतलं, दार ढकललं, पटरनं सणसणीत टोला दिला.

चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटला, खणकन वाजला, वर उडाला आणि सरळ खाली भोकात.

सगळे भोकाकडे धावले. मग टाळ्या, शिट्ट्या. जावयानं मला मिठी मारली. माझ्या आयुष्यातला सर्वांत भारी पट, तोही हरायला मारलेला. त्यानंतर पूलवाल्यांनी जागेवरून चेंडू उचलूनच घेतला, म्हणजे हार मान्य, आणि तोंड भरून हसले.

"अभिनंदन. आठशे."

"कुठले आठशे! साठ!" मी ओरडलो.

त्यांचा चेहरा पडला. "साठ? मग मी एवढा घाम गाळून हरलो कशाला?"

"मी आधी हरत होतो!"

"मी तुमच्या आधी चुकवला! सगळ्यांनी पाहिलंय!"

"पण तुम्हाला का हरायचं होतं?"

ते पटरवर टेकले. "डॉक्टर, मी पूल बांधले, पण उद्घाटनाला कधी गेलो नाही. गर्दीत मला घुसमटायला होतं. पण घरी म्हणालो, त्यांची एकुलती एक आहे. एक दिवस घुसमटलो म्हणून काय बिघडतं? आता आठशेच होतील!"

"साठ!" मी म्हणालो. "जिंकलोय मी! माझं ऐकायचं!"

आम्ही दोघं झेंड्यापाशी हातात पटर घेऊन भांडत होतो, तेवढ्यात आमची ही शांतपणे हिरवळीवर आली.

"शंभर," ती म्हणाली.

"काय शंभर?"

"शंभर माणसं. जागा ठरून दीड महिना झाला. कपडे शिवून आले. आमंत्रणं गेली. मुलांना हवं तसं सगळं झालंय."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्या यजमानांच्या खांद्यावरचा पाला झटकत होत्या.

"मग आम्ही हे दोन महिने..." पूलवाले म्हणाले.

"किती शांततेत गेले नाही?" विहीणबाई म्हणाल्या.

कोचबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोघांचंही सांगते. डॉक्टर, स्विंग सुधारलाय. साहेब, हात हलका झालाय. पण एवढ्या हट्टानं पट चुकवणारी माणसं मी उभ्या हयातीत पाहिली नाहीत."

लेक माझ्याजवळ आली आणि माझी टोपी सरळ केली. मी पटर तिच्या हातात दिला. मला वाटतं, बरोबर तेवढंच झालं.

२१ डिसेंबर

लग्न काल झालं. शंभरजण म्हणजे नेमकी बेताची माणसं. मी कुणालाही जेवलात का विचारलं नाही, सगळे डोळ्यांसमोरच जेवत होते. आम्हा दोघा बापांना एकच काम दिलं होतं, दाराशी उभं राहायचं. तेही पाहुण्यांपैकी कुणीतरी येऊन 'तुम्ही बसा' म्हणून काढून घेतलं. मग आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसलो. लेकीनं दर थोड्या वेळानं वळून पाहिलं. मी तिथंच होतो.

आज दुपारी घर फार मोठं वाटलं. ही आतल्या खोलीत झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. मी लेकीच्या खोलीत गेलो, उगाच कपाट उघडलं, बंद केलं. दवाखाना बंद ठेवलाय. आता काय करायचं ते सुचेना.

तेवढ्यात फोन. पूलवाले.

"डॉक्टर, उद्या सकाळी येता का मैदानावर?"

"कशाला? आता काय ठरवायचं राहिलंय?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्यांचं हे गप्प बसणं आता मला समजायला लागलंय.

"काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर."